कन्व्हेयर ओव्हन : परवानग्यांची साखळी

कन्व्हेयर ओव्हन म्हणजे सरकत्या पट्ट्यावरून पदार्थ आरपार नेत भाजणारी भट्टी. ती बाहेरून पाहणाऱ्याला दोनच आकडे दिसतात : आतले तापमान आणि पदार्थाला पट्ट्यावरून आरपार जायला लागणारा वेळ. एका टोकाला कच्चा पदार्थ ठेवायचा आणि दुसऱ्या टोकाला भाजलेला उचलायचा; मधल्या काळात कोणी दार उघडून रंग पाहत नाही, की हाताने आच कमीजास्त करत नाही. त्यामुळे एरवी माणसाच्या नजरेवर सोपवलेले सगळे काम इथे विद्युत नियंत्रणाच्या वाट्याला येते. माझ्या मते या नियंत्रणाचा गाभा त्या दोन आकड्यांत नसून, उष्णता सुरू करण्याआधी कोणाकोणाची परवानगी लागते या क्रमात आहे. तो क्रम समजला की ओव्हनची बहुतेक दुखणी आपोआप उलगडतात.

मुख्य स्विच चालू केल्यावर ओव्हन लगेच तापू लागत नाही. आधी ब्लोअर, म्हणजे हवा खेळवणारा पंखा, फिरतो. या ओव्हनमध्ये गरम हवा वरखाली बसवलेल्या सच्छिद्र नळकांड्यांतून झोताने पदार्थावर सोडली जाते, आणि तापमान मोजणारा सेन्सरही त्याच हवेच्या वाटेत असतो. हवा थांबली तर हीटर किंवा बर्नरजवळचा भाग लाल होईपर्यंत तापू शकतो आणि थोड्या अंतरावरच्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ब्लोअरच्या कॉन्टॅक्टरला (विजेने ओढला जाणारा मोठा स्विच) वीज मिळाली एवढ्यावर नियंत्रण समाधान मानत नाही, तर हवा खरोखर वाहते आहे याचा पुरावा मागते. हा पुरावा बहुधा हवेच्या दाबावर मिटणाऱ्या स्विचकडून येतो. काही यंत्रांत मोटरच्या शाफ्टवरचा, वेग आल्यावर मिटणारा स्विच हे काम करतो. दोघांत फरक आहे. तीन फेजच्या पुरवठ्यात दोन तारा उलटसुलट जोडल्या गेल्या तर मोटर उलटी फिरते, पण पंख्याच्या रचनेमुळे हवा त्याच दिशेने, मात्र फार कमी प्रमाणात वाहते. शाफ्टवरच्या स्विचला ही लबाडी कळत नाही, दाबाच्या स्विचला बहुधा कळते.

या स्विचच्या पुढे, त्याच तारेवर, हाय लिमिट नावाचे स्वतंत्र तापमान-संरक्षण असते. त्याचा सेन्सर वेगळा, संपर्क वेगळे, आणि एकदा उडाल्यावर ते सहसा हातानेच पुन्हा बसवावे लागते. ही सारी मंडळी एकापुढे एक, सिरीजमध्ये जोडलेली असतात. शेवटी उरलेली वीज, गॅसच्या ओव्हनमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मरने उतरवलेली २४ व्होल्टची, तापमान नियंत्रकाच्या मागणीनुसार इग्निशन मॉड्यूलपर्यंत, म्हणजे बर्नर पेटवणाऱ्या व ज्योतीवर लक्ष ठेवणाऱ्या पेटीपर्यंत, पोहोचते.

मॉड्यूलही घाई करत नाही. आत साचलेला गॅस असल्यास तो निघून जावा म्हणून काही काळ नुसती हवा वाहू दिली जाते, मग ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. ज्योत लागली की नाही हे ओळखण्याची रीत मोठी देखणी आहे. ज्योतीत धातूची एक दांडी असते आणि तिला एसी व्होल्टेज दिलेले असते. ज्योतीतले आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वीज वाहून नेतात. पण दांडीचे क्षेत्रफळ लहान आणि अर्थ केलेल्या बर्नरचे मोठे असल्यामुळे प्रवाह एका दिशेने सहज व दुसऱ्या दिशेने कष्टाने वाहतो, आणि त्यातून काही मायक्रोअँपिअरचा डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, प्रवाह उरतो. हा डीसी दिसला तरच मॉड्यूल व्हॉल्व्ह उघडा ठेवते. अर्थिंग कच्चे असेल किंवा दांडीवर काजळी बसली असेल, तर समोर ज्योत व्यवस्थित दिसत असूनही मॉड्यूल काही सेकंदांत गॅस तोडते. अशा वेळी दोष मॉड्यूलला देऊन ते बदलले जाते आणि दुखणे जिथल्या तिथे राहते.

आता तापमानाच्या मोजमापाकडे वळू. बहुतेक ठिकाणी थर्मोकपल असते, म्हणजे दोन भिन्न धातूंच्या तारांचा जोड. के प्रकारच्या थर्मोकपलमध्ये दर अंश सेल्सिअसमागे सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट निर्माण होतात. टोकांमध्ये २५० अंशांचा फरक असला तरी सगळे मिळून जेमतेम १० मिलिव्होल्ट. इतक्या नाजूक संकेतावर मोठ्या उष्णतेची सूत्रे दिलेली असतात. तार तुटली तर चांगला नियंत्रक तापमान कमाल आहे असे मानून उष्णता तोडतो. धोकादायक प्रकार दुसरा आहे : तारांवरचे आवरण वाटेत कुठे दबून त्या एकमेकींना चिकटल्या, तर नवा जोड तिथेच तयार होतो आणि नियंत्रक भट्टीऐवजी त्या थंड जागेचे तापमान वाचू लागतो. त्याला भट्टी गार वाटते आणि तो उष्णता वाढवत राहतो. इथे फक्त हाय लिमिटच उपयोगी पडते. तरीही वारंवार उडते म्हणून त्यावर तारेचा तुकडा टाकून ओव्हन चालवणारे लोक आहेत. हे दुरुस्तीचे काम नव्हे, शेवटचा पहारेकरी काढून टाकणे आहे.

विजेवरच्या ओव्हनमध्ये हीटर बहुधा सॉलिड स्टेट रिलेने, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचने, चालू-बंद होतात. नियंत्रक ठरावीक सेकंदांच्या चक्रात किती वेळ वीज द्यायची हे मागणीप्रमाणे बदलतो. हलणारे भाग नसल्यामुळे हा रिले झिजत नाही, पण बिघडला की सहसा शॉर्ट होतो, म्हणजे हीटर कायमचा चालू राहतो. म्हणून त्याच्या आधी एक साधा कॉन्टॅक्टर असायलाच हवा आणि त्याला ओढून धरणारी कॉइल हाय लिमिटच्या तारेवरच हवी.

पट्ट्याचे नियंत्रण त्यामानाने सोपे आहे, पण फसवे आहे. भट्टीची लांबी १ मीटर आणि वेळ ५ मिनिटे ठरवली, तर पट्टा मिनिटाला २० सेंटिमीटर सरकला पाहिजे. मोटरवरचे चुंबक हॉल सेन्सरसमोरून (चुंबक ओळखणारा सेन्सर) जाताना जे स्पंद उमटतात ते मोजून नियंत्रणाचा बोर्ड वेग स्थिर ठेवतो. मात्र सेन्सर मोटरवर असतो, पट्ट्यावर नसतो. शाफ्टवरच्या दातेरी चाकाचा स्क्रू ढिला झाला तर मोटर इमाने इतबारे फिरते, आकडा बरोबर दिसतो आणि पट्टा मागे रेंगाळतो. त्यामुळे पदार्थ करपू लागला तर तापमानाला हात लावण्याआधी एखादी वस्तू पट्ट्यावर ठेवून, तिची पुढची कड आत शिरल्यापासून बाहेर येईपर्यंतचा वेळ घड्याळाने मोजावा.

ओव्हन बंद करतानाही ब्लोअर लगेच थांबत नाही. आतले तापमान साधारण शंभर अंशांच्या आसपास उतरेपर्यंत एक थर्मोस्टॅट त्याला समांतर वाटेने वीज देत राहतो. भिंतीवरचा मुख्य स्विच पाडून घरी जाण्याची सवय ही वाट तोडते, आणि साठलेली उष्णता मोटरच्या बेअरिंगांकडे व नियंत्रण-पेटीकडे सरकते.

दुरुस्तीच्या वेळी मी मीटरचे एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या परतीच्या तारेवर ठेवतो आणि दुसरे टोक साखळीतल्या एकेका स्विचवर पुढे सरकवतो. जिथे २४ व्होल्ट आत जातात पण बाहेर येत नाहीत, त्याने परवानगी नाकारलेली असते. मात्र नाकारणारा स्विच दोषी असतोच असे नाही. दाबाच्या स्विचने नकार दिला तर आधी त्याची नळी तुंबली आहे का आणि ब्लोअरचा पट्टा घसरतो आहे का ते पाहावे.

काही यंत्रांत नियंत्रण-पेटीतही एक तापमान-स्विच असतो. पेटी तापली की तो बर्नर बंद पाडतो आणि पेटी गार झाली की मुकाट्याने पुन्हा जुळतो. त्यामुळे कामाच्या ऐन गर्दीत ओव्हन बंद पडतो आणि तंत्रज्ञ पोहोचेपर्यंत तो ठणठणीत झालेला असतो. अशी तक्रार आली की बोर्ड बदलण्याआधी पेटीचा थंड हवेचा पंखा फिरतो आहे का आणि त्याची जाळी चिकट धुळीने बुजली आहे का, एवढे आधी पाहावे.