धार

प्रदर्शनातला तो जग देखणा होता, यात वाद नाही. तांब्याचा, उभट, कमरेत जरासा बारीक, अंगभर मठारकाम, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांची नक्षी, आणि मूठ सागवानाची. टळटळीत दुपार, गर्दी नव्हती, स्टॉलवरचा मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला. मी जग उचलून पाहिला, उलटा करून पाहिला, आत हात घातला तर तो बोटांच्या पेरांशीच अडकला. मग विचारलं, "पाणी आहे का?" त्याला वाटलं मला तहान लागली. त्यानं आपली बाटली पुढे केली. ती मी जगात रिकामी केली आणि जगातून पुन्हा बाटलीत ओतायला लागले. थोडं पाणी बाटलीत गेलं. बाकीचं जगाच्या गळ्यावरून, पोटावरून ओघळत टेबलावर अंथरलेल्या खणाच्या कापडावर.

"मॅडम, बहुतेक जण शोपीस म्हणूनच नेतात," तो कापड उचलत म्हणाला.

हा माझा जुना चळ आहे. भांड्यांच्या दुकानात गेले की मला धार बघायची असते. किंमत नंतर. चहाची किटली असो, दुधाचा जग असो की तेलाची बुधली, ओतून न बघता विकत घ्यायची म्हणजे पायात न घालता चप्पल घेण्यासारखं. दुकानदार पाणी देतात, पण कपाळाला आठी घालून. नवरा अशा वेळी एकदम कुकरच्या रिंगांमध्ये रस घ्यायला लागतो.

खोड लागली आजोळी, वाईजवळ. मे महिन्यात मामे-मावसभावंडं जमली की पडवीत, पाण्याच्या घडवंचीपाशी पैज लागायची. तांब्या वर धरायचा, मान मागे टाकायची, तोंड न लावता गटागटा प्यायचं. ज्याचा सदरा भिजला तो बाद. घडवंचीवर तांब्यांची रांग होती आणि प्रत्येकाचा स्वभाव आम्हाला ठाऊक होता. एकावर आजोबांचं नाव घातलेलं, काठ पातळ आणि बाहेर वळलेला. त्यातून पाणी सुटायचं ते थेट घशात. एक होता विहिरीत पडून काठाला चेपलेला. त्याची धार डावीकडे जायची. तो पाहुण्यांना द्यायचा नाही असा घरचा नियम, आणि नवख्या पोराला मुद्दाम तोच द्यायचा असा आमचा पोटनियम. मुंबईचा एक मावसभाऊ दर सुट्टीत त्या तांब्यानं कानात पाणी घालून घ्यायचा. माई, म्हणजे आजी, मात्र रोज त्याच तांब्यानं प्यायची. मान जराशी तिरकी करायची, एवढंच. तो बदलत का नाहीस म्हणून विचारलं तर म्हणाली, "तो वाकडा झाला म्हणून लगेच मोडीत घालू? मी होते की वाकडी."

पाणी काठाला धरून मागे का ओघळतं, यावर शास्त्रज्ञांनीही डोकं खपवलंय हे मला फार उशिरा कळलं आणि फार बरं वाटलं. मार्कस रायनर यांनी १९५६ मध्ये त्याला 'टीपॉट इफेक्ट' असं नाव दिलं, आणि न गळणाऱ्या किटलीच्या चोचीचं गणित मांडलं म्हणून १९९९ मध्ये दुसऱ्या दोघांना इग नोबेलही दिलं गेलं. ते थट्टेतलं पारितोषिक, पण प्रश्न थट्टेचा नाही. काठ जाड आणि गोलसर असला की पाणी त्याला बिलगून वळतं आणि पोटावर उतरतं. काठ पातळ आणि कंगोरेदार असला की त्याला वळायला जागाच मिळत नाही, ते सुटतं. शिवाय हळू ओतलं की ओघळ, झटक्यानं ओतलं की धार. म्हणून तर टपरीवरचा माणूस पोचे पडलेल्या किटलीतून हातभर वरून सहा कटिंग भरतो आणि थेंब सांडत नाही, आणि आपण पाहुण्यांसमोर नव्या टी-सेटमधून जपून जपून ओततो ते सगळं बशीत. माईला रायनर माहीत नव्हता. पंगतीत पहिल्यांदा पाणी वाढायला उभं केलं तेव्हा ती मागून एवढंच म्हणाली होती, "भिऊ नकोस, ओत."

आपल्याकडे ओतण्यावर तर अख्खी पुराणकथा आहे. बळी दानाचं उदक सोडतोय आणि शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसलेत. वामनानं दर्भाची काडी घातली, तोटी मोकळी झाली, गुरुजींचा डोळा गेला. किटलीच्या चोचीत अडकलेली चहापत्ती काडीनं काढताना मला अजून त्यांची दया येते. आणि दुसरीकडे पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र, ज्याचं कामच गळायचं. तळाला एक बारीक भोक. ते जरा मोठं झालं तर रुद्र संपायच्या आत पाणी संपणार. कारागिराला दोन्ही यायला लागायचं.

पुण्यात हे काम तांबट आळीचं. कसब्यात अजूनही दुपारचं शिरलं तर ठाकठूक ऐकू येते. पेशवाईत कोकणातून आलेली ही मंडळी. भट्टीत तापवलं की तांबं मऊ पडतं, आणि मग ठोक्याठोक्यानं ते पुन्हा टणक होत जातं. मठारकामाला बघणारे नक्षी म्हणतात. चकाकतं ते खरंच, पण मुळात त्या ठोक्यांनी पत्र्याला बळ येतं, म्हणून तर पाण्यानं भरलेली घागर कमरेवर घेता येते. गीझर आले आणि बंब गेले, शॉवर आले आणि घंघाळं गेली. मग डिझाइनवाली मुलं-मुली आळीत आली. त्यांनी त्याच हातांकडून ट्रे, दिव्यांच्या छत्र्या, जग आणि फिरकीच्या झाकणाच्या बाटल्या करून घेतल्या. मला हे आवडतं. हातोडीला काम मिळालं की झालं. बंबात मनीप्लांट लावतात त्याला मात्र माझा विरोध आहे, पण तो मी घरातच व्यक्त करते.

बाटली पास आहे, हे सांगून टाकते. पर्समध्ये आडवी पडली तरी सांडत नाही, आणि ते घडवंचीवरच्या तांब्याला कधी जमलं नसतं. पण तोंड इतकं अरुंद की हात आत जात नाही. चिंच-मीठ घालून खळखळवायचं आणि आत स्वच्छ झालं असं मानायचं. बाहेरून लाखेसारखं काहीतरी चढवलेलं, म्हणजे काळी पडू नये, म्हणजे घासायला नको. सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेलं, ताक किंवा लिंबू सरबत भरू नये. बरोबरच आहे, कळकेल. पण त्यासाठी पूर्वी दारात कल्हईवाला यायचा. नवसागराचा पांढरा धूर, फडक्याचा एक फेरा, आणि आतून चांदी. डिझाइनमध्ये तो माणूसही धरलेला होता. त्याला वगळून वस्तू अर्धीच पुढे आली आहे.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. इथे पाहिलेल्या सगळ्या वस्तूंत त्यांना सर्वांत थोर आणि सुंदर वाटला तो साधा लोटा. मग त्यांनी प्रश्नांची यादीच केली आहे: पाणी किती मावावं, नेणार डोक्यावरून की कमरेवरून, धरणारे हात केवढे, ओतताना, भरताना आणि घासताना पाण्याचं काय होतं, दगडावर टेकवला तर आवाज कसा येतो. मोडीत काय भाव येईल, हेसुद्धा. हे वाचून मी चाटच पडले. कारण भांडेवाल्यासमोर बसून माई नेमके हेच प्रश्न विचारायची, फक्त अहवाल कुणी मागितला नव्हता. लोटा कुणा एकानं घडवलेला असूच शकत नाही, असंही ते म्हणतात. पटतं. पण आता तांब्याच्या जगाला एकच बाप असतो आणि त्याला तीन महिन्यांत प्रदर्शन गाठायचं असतं. हात आत जातो का, हे विचारायला पिढ्या कुठून आणायच्या?

बाबा शेवटी अंथरुणावर होते तेव्हा मी ओतण्याकडे जेवढं लक्ष दिलं तेवढं आयुष्यात दिलं नव्हतं. उठून बसता येत नव्हतं. पेल्यानं उशी भिजायची. स्ट्रॉ ओढायची ताकद नव्हती. औषधाच्या दुकानातला प्लास्टिकचा फीडिंग कप आणला, त्याची चोच जाड, पाणी हनुवटीवरून गळ्यात. मग आईनं कपाटातून चांदीचं बोंडलं काढलं, ज्यातून आम्हा भावंडांना गुटी पाजली होती. निमुळती, पातळ चोच ओठाच्या कोपऱ्यात ठेवायची आणि जरा कलतं करायचं. एक थेंब बाहेर आला नाही. अडचण एवढीच की त्यात मावतं बाळाच्या मापाचं. एक गोळी उतरवायला ते पुन:पुन्हा भरायला लागायचं, आणि तेवढ्यात बाबा दमायचे.

पेलाभर पाणी मावेल असं बोंडलं मी नंतर बरंच शोधलं. तांब्याचं, स्टीलचं, काहीही चाललं असतं. एका सराफाकडे बाळांची होती, कोरीव, मखमली डबीत ठेवलेली. मोठ्या माणसासाठी करता का, म्हणून विचारलं.

"बारशाला नेतात हो ताई," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाला कोण भेट देतं?"