जेडचा पोशाख, एक षष्ठांश आकारात: हात झाले, आता चेहरा

डाव्या हाताचा शेवटचा टाका काल रात्री बसला. दोन्ही हातमोजे पूर्ण! २४९८ पैकी ६१२ तुकडे ओवून झाले.

नव्यांसाठी थोडक्यात: झोंगशानचा राजा ल्यू शंग इ.स.पू. ११३मध्ये वारला. चीनच्या हबेई प्रांतात मानछंगजवळच्या डोंगरात कोरलेली त्याची कबर १९६८मध्ये सापडली. अंगावर जेड या हिरवट मौल्यवान दगडाच्या २४९८ तुकड्यांचा, सुमारे १,१०० ग्रॅम सोन्याच्या तारेने शिवलेला, १.८८ मीटर लांबीचा पोशाख. माझा ३१ सेंटिमीटरचा आहे, पण तुकड्यांची संख्या मूळचीच ठेवायची हा हट्ट.

या महिन्यात अडलं ते भोकांपाशी. एक मिलिमीटर जाडीच्या हिरवट ॲक्रिलिकचे तुकडे आधी कापून मग कोपऱ्यांत भोकं पाडली, तर कडा उडायच्या. आता आधी पट्टीवर भोकं, मग काप. पितळी तारही पिळताना उसळायची. ज्योतीवरून झरकन फिरवली की नरम पडते. तरी माझं काम सोपं. खरं जेड पात्याने कापलं जात नाही, वाळूसारख्या कठीण भुकटीने झिजवावं लागतं. तुकड्यांच्या कोपऱ्यांत भोकं, आणि प्रत्येक भोक असं झिजवून पाडलेलं. टाका घालताना हे सारखं मनात येतं.

मुठीत ठेवायला चंद्रकोरीसारखे दोन तुकडेही घासले. ल्यू शंगच्या दोन्ही हातांत तसे होते. देहाची नवद्वारं आपल्याला अभंगांतून ओळखीची. तिथे ती नऊच्या नऊ जेडने बंद केली होती. जेडमुळे देह कुजत नाही, ही श्रद्धा. माणसात दोन आत्मे मानत: हुन वर जातो, पो देहापाशी राहतो. त्या पोसाठी देह टिकवायचा. कबर उघडली तेव्हा देहाची माती झालेली होती, पोशाख मात्र शाबूत होता. हे वाचलं त्या दिवशी मी हे काम हाती घेतलं.

पुढचा टप्पा चेहरा. तिथे सपाट चौकोन चालत नाहीत, नाकाला उंचवटा द्यावा लागतो आणि त्यासाठी तिरकस कडांचे तुकडे हवेत. कागदी नमुना तीनदा फसला. चौथा आज कापतोय. डोक्याच्या माथ्यावरची भोकाची चकती सगळ्यांत शेवटी.