७ च्या पायातला झोका: चूक नव्हतीच

गेल्या वेळी लिहिलं होतं की ७ च्या पायात, म्हणजे ० ते ६ एवढेच अंक वापरून, तीन अंकी कापरेकर फेरी काही केल्या थांबत नाही. फेरी म्हणजे संख्येचे अंक उतरत्या क्रमाने मांडायचे, त्यातून चढती मांडणी वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. २६४ येतं, मग ३६३, परत २६४. १० च्या पायात तिन्ही अंक सारखे नसले की गाडी मुकाट ४९५ वर जाऊन उभी राहते. इथे नुसता झोका. पंधरा दिवस वजाबाकीतली चूक शोधत होतो.

संशय हातच्यावर होता. सवयीने हात दहाचा हातचा घेतो, इथे साताचा घ्यायचा. म्हणून ६३३ − ३३६ पुन्हा सावकाश केलं. तीनातून सहा जात नाहीत, हातचा घेऊन ३ + ७ = १०, उरले ४. मधे २ उरलेत, २ + ७ = ९, त्यातून ३ गेले, ६. पुढे ५ − ३ = २. आलं २६४. बरोबरच.

मधे एक अ‍ॅप वापरून पाहिलं, त्याने ०६६ चं ६६ करून टाकलं. पुढचं शून्य गेलं की फेरीच मेली, ६६ − ६६ म्हणजे शून्य. आठवडा त्यात गेला. आता पुन्हा हरभट रोडवरून आणलेली चौकटीची वही आणि पेन्सिल. एका चौकटीत एक अंक, शून्य कुठे हरवत नाही. सायंटिफिक कॅल्क्युलेटरचा इथे उपयोग नाही, माझ्याकडचा २, ८, १६ च्या पुढे विचारच करत नाही.

काल हळदीचे सौदे संपल्यावर पेढीवर बसलो होतो, तेव्हा सुटलं. उतरत्या मांडणीतून चढती वजा करताना एककाला हातचा लागतोच, म्हणून मधल्या घरात कायम ६ बसतो. मोठ्या आणि लहान अंकांतला फरक फ धरा. उत्तराचा पहिला अंक फ − १, शेवटचा ७ − फ. म्हणजे सगळी फेरी त्या एका फरकावर चालते! पुढचा फरक येतो ६ वजा या दोघांतला लहान. थांबायचं तर तो फ एवढाच यायला हवा. शेवटचा लहान असेल तर फ = फ − १, अशक्य. पहिला लहान असेल तर फ = ७ − फ, म्हणजे साडेतीन. अंकांचा फरक साडेतीन येणार कुठून? म्हणून तो ३ आणि ४ मध्ये झुलत राहतो. ७ च्या जागी कुठलाही विषम पाया घाला, हेच होणार. फार आनंद झाला, खरंच.

त्यामुळे ९ च्या पायाचा ठरवलेला तक्ता रद्द. १२ चा घेणार होतो, पण लिहिता लिहिता वाटलं की चार अंकांकडेच वळावं. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकरांना १९४९ साली ६१७४ सापडला, १० च्या पायात फेरी जिथे थांबते तो आकडा, तोही चार अंकीच. ५ च्या पायात रात्रीच करून पाहिलं. इथे दोन फरक धरावे लागतात, बाहेरच्या दोन अंकांचा आणि आतल्या दोनांचा. अशा जोड्या फक्त १४. चौदाही ३०३२ वर येऊन थांबतात, जास्तीत जास्त चार पायऱ्यांत. ५ विषम असूनही!

मग ६ चा पाया. सम आहे म्हणून निर्धास्त होतो. १००० पासून निघालो: ०५५५, ४५५१, ४०४२, ४१३२, ३०४३, ३५५२, ३१३३, १५५४ आणि पुन्हा ४०४२. सहाचं चक्र! ४१३२ ची वजाबाकी तीनदा तपासली, ३०४३ च येतं. एकूण जोड्या २०, त्यातल्या ८ झाल्या. उरलेल्या १२ उद्या.