कुलूप लावलेली घरं

"आज एका मामांबरोबर नदीकाठच्या शेतात जाऊन आले," असं मी फोनवर म्हटलं, तर आईने आधी विचारलं, "तिकडं कुठले मामा भेटले तुला?" मोझांबिकमध्ये वयाने मोठ्या बाईला 'मामा' म्हणतात, हे तिला तीनदा सांगून झालंय. तिला ते पटत नाही. मामा म्हणजे मिशा हव्यात.

मी राहते बैरा शहरात, हिंदी महासागराच्या काठावर. बुझी नदीच्या पट्ट्यातून उठून उंचावर आलेल्या कुटुंबांची एक वसाहत आहे, तिथलं काम बघते. कागदावर माझं पद 'प्रकल्प व्यवस्थापक' असं आहे. प्रत्यक्षात पावसाआधी पत्रे पोहोचतील का, संडासाचे खड्डे किती खोल गेले, टेम्पोवाल्याचं बिल कोणाच्या टेबलावर अडकलंय, आणि हे सगळं झाल्यावर तिमाही अहवाल, असा संसार आहे.

गावाकडचे लोक विचारतात, निर्वासितांच्या छावणीत असतेस का गं? नाही. ही माणसं आपल्याच देशात, बहुतेक तर आपल्याच जिल्ह्यात आहेत. 1951च्या निर्वासित करारात पूर किंवा वादळ हे कारण बसत नाही, आणि यांनी सीमा ओलांडलेलीच नाही. जगात 2024 या एका वर्षात आपत्तींमुळे देशातल्या देशात घर सोडावं लागण्याच्या 4 कोटी 58 लाख घटना नोंदल्या गेल्या. एवढ्या लोकांसाठी आपल्याकडे धड शब्दसुद्धा नाही. माझ्या गावाकडे, कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यात, आम्ही नुसतं 'पूरग्रस्त' म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो.

इथला पूर आणला 'इडाई' चक्रीवादळाने. 14 मार्च 2019च्या रात्री ते बैराजवळ जमिनीवर आलं. शहराचे पत्रे उडाले, वीज गेली, फोन बंद पडले. पण माणसं जास्त करून पुढच्या दिवसांत गेली, पाण्याने. बुझी आणि पुंग्वे या दोन्ही नद्या झिंबाब्वेच्या पूर्वेकडच्या डोंगरातून येतात. तिकडे पाऊस कोसळला आणि ते सगळं पाणी खालच्या सपाटीवर पसरलं. लोक कौलांवर, आंब्याच्या झाडांवर दिवसचे दिवस बसून राहिले. एकट्या मोझांबिकमध्ये 600हून अधिक माणसं मेली. मक्याची कणसं भरली होती, काढणी तोंडावर होती, आणि सुमारे सात लाख हेक्टरवरचं पीक गेलं. त्या दिवसांत मदतीला सर्वांत आधी पोहोचलेल्यांत आपल्या नौदलाच्या 'सुजाता' आणि 'शार्दूल' आणि तटरक्षक दलाची 'सारथी' ही जहाजं होती. बैरातले टॅक्सीवाले अजून त्याची आठवण काढतात, आणि त्याचं श्रेय माझ्या पदरात टाकून भाडं मात्र तेवढंच घेतात.

वरून पाऊस नसताना पूर येतो, हे मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. महाबळेश्वर आणि कोयनेकडे पाऊस लागला की आमच्याकडे ऊन पडलेलं असतानाही अंगणात पाणी येतं. कोल्हापूरकडची शेंबडी पोरंसुद्धा पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पूर आमच्याकडे नुसतं संकटही नाही. नृसिंहवाडीला पाणी देवळात एका दाराने शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की लोक स्नानाला गर्दी करतात, दक्षिणद्वार सोहळा म्हणून. नदीशी असलेलं हे नातं कुठल्याही धोका-नकाशात लाल रंगाने दाखवता येत नाही.

तर आता माझी चूक.

इथे आल्यावरचा पहिला नोव्हेंबर. देणगीदारांना हवी होती 'कायमस्वरूपी स्थलांतरित झालेल्या कुटुंबांची संख्या'. ती आमच्या आराखड्यातली मुख्य मोजणी. मी दोन सहकाऱ्यांना घेऊन एका गल्लीतली 62 घरं मोजायला गेले. निकष मला पाठ होते: माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर, दिवसाला 15 लिटर पाणी, 20 माणसांमागे एक संडास. त्या हिशेबाने वसाहत पास होत होती. पण 62पैकी 23 घरांना कुलूप. शेजारी विचारलं तर "खाली गेलेत" एवढंच उत्तर. मी फॉर्मवर 'सोडून दिलेलं' या रकान्यात 23 खुणा केल्या. तो फॉर्म पुढे यादीत गेला. इथे सगळं यादीवर चालतं. नाव यादीत नसेल तर पत्रा नाही, बियाणं नाही, मच्छरदाणी नाही.

चौथ्या दिवशी एक बाई कार्यालयात आल्या. कमरेला कापुलानाचं लुगडं, पाय घोट्यापर्यंत वाळलेल्या चिखलाचे. कोणाशी काही न बोलता माझ्या टेबलावर एक किल्ली ठेवली आणि म्हणाल्या, "शाव्ह."

चावी. आपल्याकडचा हा शब्द पोर्तुगीजांबरोबरच आला. बादली, पाव, पगार, मेस्त्री, घमेलं, काजू, हे सगळे शब्द मला इथे रोज भेटतात, आणि अडखळत्या पोर्तुगीजमध्ये अडकले की मी मराठी शब्द थोडा वाकवून टाकून बघते. तीनात एकदा लागू पडतो. एके काळी मोझांबिकचा कारभार गोव्याहूनच चालायचा, 1752पर्यंत. असो. त्या दिवशी मला शब्दाचं कौतुक करायला वेळ नव्हता. मामा दुभाष्याला जे म्हणाल्या ते असं होतं: "सोडून दिलेल्या घराला कुलूप कोण लावतं? कुलूप लावलंय म्हणजे मी परत येणार आहे."

मी दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर खाली गेले. जायलाच तीन तास, त्यातली शेवटची वाट गुडघाभर गवतातून. वरची वसाहत वाळूवर आहे, तिथे कसावा कसाबसा धरतो. खाली नदीने आणलेली काळी माती, दाबली तर बोटांना चिकटणारी. याला इथे माशांबा म्हणतात, म्हणजे घरच्यापुरतं शेत. मका, भात, रताळी, थोडे तीळ विकायला. आणि पूर ओसरल्यावर एप्रिलपासून, नुसत्या ओलीवर, दुसरा हंगाम, आपल्या रब्बीसारखा. बांधावर तुरीची झाडं पाहून मी ओरडलेच. तुम्ही महाराष्ट्रात जी तूरडाळ शिजवता त्यातली काही याच देशातून येते. 2016मध्ये दोन्ही सरकारांचा तसा करारच झाला. मामांना तुरीत फारसा रस नव्हता. त्यांनी मला शेताच्या कडेची खोपी दाखवली. वेळू, मातीचा गिलावा, आत चटई, दोन भांडी, खुंटीला टांगलेलं बियाण्याचं गाठोडं. पेरणीपासून राखणीपर्यंत पीक माकडं आणि रानडुकरांपासून वाचवायचं तर रात्री इथेच झोपावं लागतं.

म्हणजे घर वर आणि पोट खाली. सरकारी धोरणही असं की खाली शेती करा, मुक्काम नको. पण तीन तास जायला आणि तीन तास यायला घालवून खुरपणी कधी करायची, हे धोरणात लिहिलेलं नाही. मला काही ते धोरण करणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. इडाईनंतर ज्यांनी झाडांवरून माणसं उतरवली, त्यांना परत कोणी तिथे झोपू नये असं वाटणं साहजिक आहे. माझं भांडण माझ्याच मोजणीशी होतं. 'कायमचं वर' मोजत बसलो तर ही बाई आमच्या लेखी अपयश ठरते, आणि यादीतून जाते. खरं तर दोन्ही जागा सांभाळून ती एकटीच पूर्ण शहाणपणाने वागत होती. आमच्या गावातही पूररेषेबाहेर प्लॉट मिळालेत म्हणून कोणी नदीकाठचा ऊस सोडलेला मी पाहिलेला नाही.

23 नावं परत यादीत घालायला सात आठवडे गेले. काढायला एक ईमेल पुरला होता.

मग आराखडा बदलायचा घाट घातला. वसाहतीत सभागृह बांधायचे पैसे होते. ते सभागृह कोणी मागितलं होतं हे मला आजवर कळलेलं नाही. ते पैसे वळवून खालून वर येणारी वाट दुरुस्त करायची, ओढ्यावर मोरी घालायची, सायकली आणि दोन होड्या घ्यायच्या, बियाणं ठेवायला वर उंच जोत्याचं गोदाम बांधायचं. मोजणीही बदलायची: इशारा मिळाल्यापासून किती तासांत किती कुटुंबं वर पोहोचली. देणगीदारांच्या बाईंनी ऑनलाइन बैठकीत सरळ विचारलं, "लोकांना धोक्याच्या जागी परत पाठवायला तुम्ही आमच्याकडे पैसे मागताय?" प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, ते गेलेलेच आहेत. मी परत येण्याचे पैसे मागतेय. अर्धेच मंजूर झाले. एक होडी गेली, सायकली कमी झाल्या, मोरी राहिली. 2025मध्ये अमेरिकेची मदत आटल्यावर शेजारच्या प्रकल्पांचं काय झालं ते पाहिलं, तेव्हा ते अर्धंही फार वाटलं.

इशाऱ्याची पद्धत मात्र आम्ही शिकवली नाही, ती इथल्या लोकांचीच. 2000 सालच्या महापुरानंतर गावोगावी आपत्ती समित्या बनत गेल्या. शिट्ट्या, भोंगा, रेडिओ आणि तीन झेंडे. निळा म्हणजे वादळ एक-दोन दिवसांवर, पिवळा म्हणजे 24 तासांच्या आत, लाल म्हणजे सहा तास उरले. नदीत रंगवलेली पट्टी रोज वाचणारा माणूस वेगळा. आमच्या पट्टीवाल्याला वाचन चुकलेलं मी पाहिलं नाही. पाऊस नसला तरी तो छत्री घेऊन जातो.

गेल्या फेब्रुवारीत दुपारी पिवळा झेंडा चढला. आम्ही वाटेच्या वरच्या टोकाला कंदील आणि वही घेऊन बसलो. अंधार पडता पडता माणसं यायला लागली. डोक्यावर गाठोडी, पाठीला बांधलेली पोरं, सायकलला उलट्या टांगलेल्या कोंबड्या, एका गृहस्थाकडे शिवणयंत्राचं फक्त डोकं. मी त्या गल्लीची घरं वेगळी मोजत होते. रात्री दहापर्यंत 23पैकी 22 कुलपं उघडली होती.

मामा पहाटे आल्या, सोबत दोन शेळ्या. एक शेळी ओढ्यात उतरायला तयार नव्हती, तिच्यासाठी रात्रभर ओढ्यापलीकडेच थांबल्या होत्या. मोरी असती तर, हे मी मनात म्हटलं आणि वहीत लिहिलं. दाराशी येऊन त्यांनी कापुलानाची गाठ सोडली, परत बांधली, पुन्हा सोडली. चावी खाली खोपीत, खुंटीला राहिली होती.

वादळ सुदैवाने वाटेत मवाळ झालं, पण पाऊस सकाळपासून धो धो. शेवटी मेस्त्रीला बोलावून कुलूप तोडलं. नवं कुलूप मी बाजारातून आणून दिलं, दोन चाव्यांचं. एक आता आमच्या कार्यालयात खिळ्याला टांगलेली आहे. पावती हिशेबाला लावली, तर आमचे हिशेबनीस दोनदा विचारून गेले, कुलूप कुठल्या सदरात टाकू?