गिडो व्हान रॉसम यांनी सोडलेला अधिकार

पायथन या संगणकभाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांच्याविषयी लिहिताना बहुतेक जण १९८९ च्या नाताळच्या सुटीपासून सुरुवात करतात. ॲम्स्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत नोकरीला असताना त्यांनी फावल्या वेळात ही भाषा रचायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये तिची पहिली आवृत्ती सर्वांसाठी खुली केली. मला मात्र त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोलाचा दिवस १२ जुलै २०१८ हा वाटतो. त्या दिवशी त्यांनी भाषेवरचा आपला अंतिम अधिकार सोडला आणि उत्तराधिकारी नेमण्यासही नकार दिला.

हा अधिकार कोणत्याही कंपनीने त्यांना दिलेला नव्हता. ते आयुष्यभर पगारी अभियंता राहिले. १९९५ मध्ये ते अमेरिकेत व्हर्जिनियातील सीएनआरआय संस्थेत गेले, २००५ ते २०१२ गूगलमध्ये होते आणि पुढे २०१९ पर्यंत ड्रॉपबॉक्समध्ये. गूगलमध्ये सहकाऱ्यांचा कोड तपासण्यासाठी त्यांनी मॉन्ड्रियन हे साधन लिहिले, तर ड्रॉपबॉक्समध्ये मायपाय या, प्रोग्राममधील मूल्यांचे प्रकार (टाइप) जुळतात का हे तपासणाऱ्या प्रकल्पावर काम केले. पायथनच्या बाबतीत मात्र अखेरचा शब्द त्यांचा असे, आणि समुदायाने त्यांना ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ अशी थट्टेची पदवी देऊन ते मान्यही केले होते.

ही व्यवस्था इतकी वर्षे टिकली, याचे मोठे श्रेय मी २००० साली सुरू झालेल्या ‘पेप’ (पायथन एन्हान्समेंट प्रपोजल, म्हणजे सुधारणेचा प्रस्ताव) पद्धतीला देतो. भाषेत मोठा बदल सुचवणाऱ्याने लेखी प्रस्ताव मांडायचा, त्यामागचे कारण सांगायचे आणि नाकारलेले पर्यायही कारणांसह नोंदवायचे, असा तिचा दंडक आहे. त्यामुळे एखादा निर्णय पटला नाही, तरी तो कसा झाला हे कोणालाही वाचता येते. काही प्रस्तावांवरील निर्णय गिडो त्या विषयातील जाणकारांवर सोपवत असत.

त्यांच्या नेतृत्वाची सर्वांत अवघड परीक्षा डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने घेतली. जुने प्रोग्राम नव्या आवृत्तीत जसेच्या तसे चालत नव्हते, त्यामुळे नाराजी मोठी होती आणि पायथन २ या आधीच्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पर्यंत चालू ठेवावी लागली. तरीही देवनागरी मजकुरावर काम करणारा माणूस म्हणून मला तो बदल आवश्यकच वाटतो. पायथन २ मध्ये ‘मराठी’ हा शब्द यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत साध्या स्ट्रिंगमध्ये (मजकूर ठेवण्याच्या प्रकारात) ठेवला की त्याची लांबी १५ भरत असे, कारण तिथे अक्षरांऐवजी ती साठवणारे बाइट मोजले जात आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथन ३ मध्ये तीन अक्षरे, काना आणि वेलांटी मिळून ती ५ येते. रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना ज्याची अडचण फारशी जाणवत नव्हती, त्या दोषाच्या दुरुस्तीसाठी गिडोंनी आपल्याच वापरकर्त्यांचा रोष पत्करला, हे आपण विसरू नये.

२०१८ मधला वाद त्या मानाने लहान होता. अभिव्यक्तीच्या (एक्स्प्रेशनच्या) आतच चलाला (व्हेरिएबलला) मूल्य देण्याची सोय पेप ५७२ मध्ये सुचवली होती. तिच्यावरची चर्चा इतकी कडवट झाली, की प्रस्ताव मंजूर केल्यानंतर गिडोंनी सहकाऱ्यांना पत्र लिहून आपण थकलो असल्याचे सांगितले. लोकशाही, अराजक, हुकूमशाही की संघराज्य, हे तुमचे तुम्हीच ठरवा, असा त्या पत्राचा आशय होता. त्यांनी एखादे नाव सुचवले असते तर बहुधा ते बिनविरोध मान्य झाले असते, पण मग नव्या माणसाचा अधिकार उसना ठरला असता.

मुख्य विकासकांनी मग कारभाराचे सात वेगवेगळे आराखडे लिहिले आणि डिसेंबर २०१८ मध्ये मतदानाने पेप ८०१६ निवडला. त्यानुसार पाच जणांची निवडून आलेली सुकाणू समिती काम पाहते आणि एका कंपनीच्या दोनपेक्षा अधिक कर्मचाऱ्यांना तिच्यात बसता येत नाही. मोठ्या कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या आजच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात मला ही अट फार दूरदृष्टीची वाटते. पहिल्या समितीत गिडो स्वतः निवडून आले, मात्र पुढच्या निवडणुकीतून त्यांनी आपले नाव मागे घेतले.

२०२० मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांसह पॅटर्न मॅचिंगचा, म्हणजे माहितीची रचना नमुन्याशी जुळवून पाहण्याच्या सोयीचा, प्रस्ताव लिहिला, तेव्हा भाषेच्या जनकालाही समितीपुढे इतर कोणाही विकासकासारखेच उभे राहावे लागले. पेप ६२२ हा पहिला मसुदा मोठ्या चर्चेनंतर बाजूला ठेवून त्याचे तीन स्वतंत्र दस्तऐवज करण्यात आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये समितीने त्यांना मान्यता दिली आणि ऑक्टोबरमधील पायथन ३.१० मध्ये ती सोय आली.