इतिहास-भूगोलाच्या मॅडमना संगणक कशाला हवा?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पालकसभेत हा प्रश्न येतो आणि जूनमध्ये वेळापत्रक बसवताना शिक्षकखोलीत तर हमखास येतो: "मॅडम, संगणक कक्षाचा तास गणित-विज्ञानाला ठीक आहे, इतिहास-भूगोलाला कशाला? तुमचा विषय गोष्टी सांगायचा."

पडद्यावर धड्याचा व्हिडिओ लावायचा आणि मागे बसून वह्या तपासायच्या, एवढाच बेत असेल तर विचारणाऱ्यांचं बरोबर आहे. तो तास खुशाल गणिताला द्यावा.

मला संगणक हवा असतो तो आकड्यांसाठी. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझीलची तुलना आहे, त्यात लोकसंख्येचा धडा येतो. जनगणनेचे जिल्हावार तक्ते एक्सेलमध्ये मिळतात. त्यातला 2011 चा महाराष्ट्राचा तक्ता मी कामापुरता छाटून मुलांना देते: जिल्हा, पुरुष, स्त्रिया, शून्य ते सहा वयाचे मुलगे, मुली. लिंग गुणोत्तर त्यांनी स्वतः सूत्र घालून काढायचं. पहिली तक्रार ठरलेली, "मॅडम, यात पालघर नाहीच." तो जिल्हा 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला, जनगणनेच्या वेळी राज्यात 35च जिल्हे होते, हे मग जाता जाता होऊन जातं.

मग रकाना उतरत्या क्रमानं लावायचा. सगळ्यात वर रत्नागिरी, हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया. तळाला मुंबई शहर 832 आणि त्याच्या वर मुंबई उपनगर 860. वर्ग लगेच निकाल देऊन मोकळा: कोकणात मुलींना मान आहे, मुंबईत नाही. मी वाद घालत नाही, फक्त शून्य ते सहाचं गुणोत्तर काढायला सांगते. तिथे रत्नागिरीही हजाराच्या खाली येते. म्हणजे लहान मुली मुलग्यांपेक्षा कमीच, मग मोठ्या बायका जास्त कशा? थोड्या वेळानं कुणीतरी विचारतंच, "मग पुरुष गेले कुठे?" आणि माऊस आपोआप तळाच्या दोन ओळींवर जातो. मुंबईच्या आकड्यात उत्तर प्रदेश-बिहारहून आलेलेही आहेत, हे मी सांगते. पण बायको गावी आणि नवरा मुंबईत, हे कोकणातलं जुनं चित्र मुलांनी तक्त्यातून स्वतः ओढून काढलेलं असतं. चाकरमानी, गिरण्या, मनीऑर्डर हे सगळं मी त्यानंतर सांगते, आणि तेव्हा ते ऐकलं जातं.

शून्य ते सहाच्या रकान्यात तळाला बीड आहे, 807. इथे स्थलांतराचं उत्तर चालत नाही. पाच वर्षांची पोर काही एकटी कामाला जात नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा 1994 चा, आणि हा आकडा 2011 चा. या दोन सालांवर वर्गात चांगलीच जुंपते. आमच्याकडे बीडकडची सोयरीक घरोघरी आहे, त्यामुळे वाद घरापर्यंत जातो. जाऊ दे.

हे फळ्यावर होणार नाही का? 35 जिल्हे लिहून होईपर्यंत घंटा वाजते. आणि मी आधीच क्रम लावून आणला तर मुलांनी शोधायचं काय? क्रम उलटापालटा करून बघणं हाच माझा धडा आहे.

भूगोलात दुसरा उपयोग उपग्रहचित्रांचा. ब्राझीलच्या रोंडोनिया राज्याची 1984 पासूनची चित्रं गूगल अर्थवर एकामागून एक सरकवली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना माशाच्या काट्यासारखी तुटत गेलेली जंगलं दिसतात. पुस्तकातल्या 'निर्वनीकरण' या मथळ्याखाली दोन ओळी असतात, त्या मग पाठ कराव्या लागत नाहीत.

इतिहासात मात्र मी हात आखडता घेते. वाईपासून प्रतापगडापर्यंतचा मुलूख पडद्यावर तिरपा करून दाखवला की 1659 मध्ये अफझलखानाला जावळीत आणण्यातलं शहाणपण मुलांना कळतं. तोफा, हत्ती आणि घोडदळ त्या उतारांवर काय कामाचं? पण त्याच चित्रात आंबेनळी घाटाचा डांबरी रस्ताही दिसतो. जंगल आजचं, रस्ते आजचे, हे बजावावं लागतं. डोंगर तेवढे त्या काळचे. हल्ली मुलं लढायांची यंत्रानं बनवलेली रंगीत चित्रं मोबाइलवर आणून दाखवतात आणि "हे खरं ना?" म्हणून विचारतात. तेव्हा मी समकालीन पत्र आणि नंतर लिहिलेली बखर यांतला फरक शिकवते. त्याला संगणक लागत नाही, खडू पुरतो.

सोयी म्हणाल तर यंत्रं जुनी आहेत, एकेका यंत्रावर तिघं बसतात आणि वीज तिच्या मर्जीनं येते. तक्ते मी आदल्या दिवशी पेनड्राइव्हवर घेऊन ठेवते, नेट असेलच असं धरत नाही. तिघांमुळे उलट बरं होतं: एक टाइप करतो, दोघं त्याच्या चुका काढतात.

गुण वाढतात का, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. कारणे द्या प्रकारच्या प्रश्नांत थोडा फरक पडतो, बाकी फारसा नाही. भूगोलाचा 40 गुणांचा लेखी पेपर आजही पेन-पेन्सिलीचाच आहे आणि नकाशा हातानंच भरायचा आहे. म्हणून नाताळनंतर मी कक्षाचा तास ज्याला हवा त्याला देऊन टाकते आणि वर्गात कोरे नकाशे वाटते.