आमची वाटचाल : साध्या गजापासून पॅडच्या रॅकपर्यंत

आमचं काम मुळात पत्र्याचं. दुकानांच्या रॅक, गोदामाच्या फळ्या, हत्यारांची कपाटं. मापं घ्यायची, पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग करायचं आणि शेवटी पावडर कोटिंग. गाड्यांचं डिटेलिंग, म्हणजे बारकाईने सफाई आणि पॉलिश, करणाऱ्यांकडून पहिलं काम आलं तेही किरकोळच होतं: स्प्रेच्या बाटल्या ओळीने टांगायला भिंतीवर एक गज. ट्रिगरची मान गजावर अडकवली की बाटली लेबल समोर करून लटकत राहते. भरलेल्या बाटल्यांच्या वजनाने गजाला झोल पडू नये म्हणून आधार किती अंतरावर द्यायचे, एवढंच काय ते आमचं डोकं त्यात लागलं.

गज बसवताना बाकीचं सामान नजरेत भरलं. पॉलिशर, म्हणजे फोमचा पॅड फिरवून रंग घासणारं यंत्र, आपल्याच पॅडवर उभा केलेला. फोमचे पॅड एका बादलीत एकावर एक. मायक्रोफायबरची कापडं उघड्या टेबलावर आणि शेजारीच चाकं घासायचा ब्रश. पसारा दिसला की कप्पे करायचे, हे आमचं नेहमीचं गणित. या धंद्यात ते पुरत नाही, हे आम्हाला गिऱ्हाइकांनी शिकवलं.

गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. आपल्या नेहमीच्या छपाईच्या कागदाच्या निम्मा म्हणा ना. पॉलिश करणं म्हणजे त्यातलाच अगदी थोडा भाग झिजवून ओरखडे घालवणं. पॅडमध्ये वाळूचा एक कण शिरला तरी जे घालवायला बसलो तेच आपण नव्याने पाडत सुटतो. त्यामुळे इथे रॅकचं पहिलं काम सामान नीटनेटकं दिसावं हे नाही. वापरलेलं आणि न वापरलेलं एकमेकांना लागू नये, हे पहिलं काम. हे एकदा डोक्यात बसलं आणि आमचे सगळे नमुने बदलले.

सर्वांत जास्त वेळ खाल्ला पॅडच्या रॅकने. कटिंगच्या, म्हणजे खोल ओरखडे काढायच्या, पॅडमध्ये भरड कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या पेस्टचा, अंश राहतो. तो मऊ फिनिशिंग पॅडला लागला की शेवटच्या हाताची चकाकी गेलीच. म्हणून पॅड रंगाने वा आकाराने न लावता कामाच्या टप्प्याने लावायचे: कटिंगची रांग वेगळी, पॉलिशिंगची वेगळी, फिनिशिंगची सर्वांत वर, म्हणजे वरून काही झडलं तरी ते भरड पॅडवर पडेल, मऊवर नाही. प्रत्येक पॅडला स्वतंत्र खण, समोर पारदर्शक झडप. १२५ आणि १५० मिलिमीटरच्या बॅकिंग प्लेट, म्हणजे यंत्रावरच्या पॅड चिकटवायच्या चकत्या, सर्रास वापरल्या जातात, पण पॅड प्लेटपेक्षा थोडा मोठाच असतो. त्यामुळे खणाचं माप प्लेटवरून धरायचं नाही, पॅडवरून धरायचं.

धुतलेल्या पॅडला मात्र या रॅकमध्ये थारा नाही. ओला पॅड बंद खणात कुबट वास धरतो, शिवाय फोम आणि पाठीवरचं वेल्क्रो यांना जोडणारा गोंद पाण्यात राहून सुटतो. वाळवताना पॅडचं तोंड खाली करावं, म्हणजे पाणी गोंदाकडे साचत नाही. त्यासाठी आम्ही जाळीची उघडी फळी वेगळी देतो. ड्रॉवर हवा असा हट्ट अजूनही बरेच जण धरतात. दिसायला तो छानच दिसतो. कोरड्या पॅडसाठी आम्ही करून देतो, ओल्यांसाठी सरळ नाही म्हणतो.

पॉलिशरसाठी रबर लावलेला यू आकाराचा आधार केला. यंत्र मानेवर टेकतं आणि पॅड अधांतरी राहतो. दोन-अडीच किलोचं धूड फोमवर उभं ठेवलं तर फोम एका बाजूला दबतो, आणि असा पॅड यंत्रावर थरथरतो. खरं तर काम संपलं की पॅड काढूनच ठेवावा. आम्ही सांगतो, ऐकणारे ऐकतात.

रसायनांची मांडणी त्यामानाने सोपी. जड कॅन तळाला, आम्लं डोळ्यांच्या उंचीच्या खाली, प्रत्येकाखाली सांडलेलं धरणारा ट्रे. आम्लाचा व्हील क्लीनर आणि ब्लीच असलेलं कुठलंही द्रव एका ट्रेत ठेवायचं नाही, कारण दोन्ही मिसळली की क्लोरीन वायू निघतो. सिरॅमिक कोटिंगला, म्हणजे रंगावर चढवायच्या संरक्षक थराच्या द्रवाला, हवेतला ओलावा सोसत नाही, उघडलेली बाटली आतल्या आत कडक होते. तिच्यासाठी झाकणाचा छोटा खण, आत सिलिका जेलच्या पुड्या. रंगावर बसलेले लोखंडाचे कण विरघळवणाऱ्या आयर्न रिमूव्हरचा वास एकदा घेतला असेल, तर त्याच्या कपाटाला हवेची भोकं का पाडतो हे विचारायची गरज राहत नाही.

साहित्याबाबत आम्ही पत्र्यावरच ठाम राहिलो. एमडीएफ स्वस्त पडतो, पण पाण्याच्या जागी कडा फुगतात. पत्र्यातही खरी मेख धारेत असते: तीक्ष्ण कडेवर पावडरचा थर पातळ बसतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून आम्ही कडा दुमडून घेतो. दुमडलेली कड कापडालाही बरी. माल बाहेर पडण्याआधी आमचा माणूस प्रत्येक कडेवरून मायक्रोफायबरचं कापड फिरवतो. धागा अडकला की तो भाग परत कानसेखाली. बोटाला न जाणवणारी बारीक बर, म्हणजे कापताना कडेवर राहिलेली धातूची कूस, कापडाला बरोबर सापडते.

सुरुवातीला सगळं मापाने बनवून देत होतो. तो खटाटोप फार. प्रत्येक भिंत वेगळी, प्रत्येकाची हौस वेगळी. मग ६०० मिलिमीटर रुंदीचा एकच साचा धरला आणि त्यात खण, गज, जाळी हव्या तशा बदलता येतील अशी सोय केली. माल सुटा, चपटा बांधून जातो आणि गिऱ्हाईक स्वतः जोडून घेतं. मापाची कामं आजही घेतो, पण थोडी.

अलीकडे मागणी वाढली आहे ती व्हॅनमधून घरोघरी जाऊन काम करणाऱ्यांची. त्यांची गरज अगदी निराळी. खड्ड्यात गाडी आदळली तरी बाटली गजावरून सुटू नये, झडप उघडू नये, आणि वापरलेल्या कापडांची पिशवी स्वच्छ कापडांपासून लांब राहावी, तीही एवढ्याशा जागेत. गजाच्या पुढे आडवी पट्टी आणि झडपांना खिट्ट्या दिल्यावर तेवढं जमलं. अडलंय ते बॅटरीवर चालणाऱ्या पॉलिशरच्या चार्जरपाशी. लिथियम बॅटरीला ऊन नको, उन्हात उभी व्हॅन भट्टीसारखी तापते आणि पटकन पेट घेणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलची बाटलीही त्याच रॅकमध्ये असते. चार्जरचा खण रॅकच्या बाहेर, ड्रायव्हरच्या सीटमागे द्यावा असं माझं मत. फिटिंगवाल्यांना वायरिंगचा व्याप नको आहे. पुढचा नमुना दोन्ही तऱ्हांनी बनवायला घेतला आहे.